चलनावरचा फोटो फॅमिली ग्रुपवर गेला, आता काय?

प्रिय ताई,
मी २४ वर्षांची आहे, पुण्यात नोकरी करते. गाडी कॉलेजात असताना बाबांनी घेऊन दिली, त्यामुळे आरसी बुकावर नाव त्यांचं आणि मोबाइल नंबरही त्यांचाच. गेल्या आठवड्यात सिग्नलवरच्या कॅमेऱ्याचं विनाहेल्मेटचं ई-चलन आलं. फोटोत पुढे मी, मागे ऑफिसमधला मित्र. दोघांचीही डोकी उघडी आणि माझं हेल्मेट आरशाला लटकलेलं. बाबांनी तो फोटो ‘कन्यारत्नाचे पराक्रम’ असं लिहून फॅमिली ग्रुपवर टाकला. दोन मिनिटांत आत्याचा मेसेज, ‘मागचा कोण?’ तेव्हापासून आई धड बोलत नाही आणि बाबा किल्ली देताना कुठे, कुणाबरोबर, किती वाजता, सगळं विचारतात. धाकट्या भावाची चलनं तर सारखीच येतात, ती गुपचूप भरली जातात. ही कॅमेऱ्यांची पाळत म्हणजे माझ्या खासगीपणावर घालाच नाही का? मित्र म्हणतो, भरूच नकोस, सगळी वसुली आहे, लोकअदालतीत निम्म्यात सुटतं. मी पोलिसांकडे तक्रार करू का?
– नाव छापू नका, पुणे

अगं, तुझ्या पत्रात तीन भांडणं एकमेकांत अडकली आहेत. एक कॅमेऱ्याशी, एक बाबांशी आणि एक हेल्मेटशी. तिसरं तू एका वाक्यात उरकलंस, म्हणून मी तिथूनच सुरुवात करते.

हेल्मेट आरशाला होतं, म्हणजे घरून निघताना ते घेतलं होतंस. चौकात मामा दिसले की चढवायचं, चौक ओलांडला की पुन्हा आरशाला. पुण्यात ही रीत काही नवी नाही. जानेवारी २०१९ मध्ये हेल्मेटसक्तीचा निषेध म्हणून डोक्यावर पुणेरी पगड्या चढवून दुचाक्या काढणारं आपलं गाव. केस गळतात, मान दुखते, मागचा हॉर्न ऐकू येत नाही, गावातल्या गावात कशाला हवं, हे सगळं माझं ऐकून झालंय. त्यावर माझ्याकडे केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाचा एक आकडा आहे. २०२२ सालात देशात रस्ता अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. त्यातली ५०,०२९ हेल्मेट न घातलेली होती आणि त्यांतली १४,३३७ मागे बसलेली. हा शेवटचा आकडा तुझ्या मित्रालाही दाखव. गाडी तू चालवत होतीस, त्यामुळे त्याच्या डोक्याची थोडी जबाबदारी तुझ्यावर होतीच.

कायद्याचं म्हणशील तर मोटार वाहन कायद्यात विनाहेल्मेटसाठी १,००० रुपये दंड आणि तीन महिने लायसन्स अपात्र ठरवण्याची तरतूद आहे. आपल्या राज्यात डिसेंबर २०२१ पासून तडजोडीचा, म्हणजे कोर्टात न जाता भरायचा, दंड ५०० रुपये ठरलाय. आणि २०२४ च्या अखेरीस राज्याच्या वाहतूक पोलिसांनी चालकाची आणि मागे बसलेल्याची विनाहेल्मेट कारवाई वेगवेगळी नोंदवायला सांगितली, तेव्हा मित्राचं डोकंही हिशेबात येतं. त्याच्या वाटचे पैसे त्याच्याकडून घे, लाजू नकोस.

आता त्याचा सल्ला. ‘भरू नकोस, लोकअदालतीत सुटतं.’ लोकअदालतीत कधी सवलत मिळते, कधी नाही. पण तोवर ते चलन कुणाच्या नावावर पडून राहणार? बाबांच्या. नोटिशीचा मेसेज कुणाच्या फोनवर येणार? बाबांच्याच. म्हणजे हा विषय घरात दर काही महिन्यांनी पुन्हा पेटत राहील. शिवाय खासगीपणाची एवढी काळजी असलेल्या मुलीला कुणी सांगितलेली दिसत नाही अशी एक गोष्ट आहे. कॅमेऱ्यांबद्दलचा केंद्राचा जो नियम ऑगस्ट २०२१ मध्ये आला, मोटार वाहन नियमांतला १६७ अ, त्यात चलन निकाली निघेपर्यंत त्याची इलेक्ट्रॉनिक नोंद जपून ठेवायची, असं लिहिलंय. तू पैसे थकवशील तितके दिवस तो फोटो हक्कानं सरकारी यंत्रणेत राहील. फोटो जायला हवा असेल तर आधी चलन मिटव.

भरताना एक सांभाळ. व्हॉट्सअ‍ॅपवर ‘आरटीओ चलन’ अशा नावाची एपीके, म्हणजे फोनमध्ये अ‍ॅप बसवणारी, फाइल कुणी पाठवली तर बोटसुद्धा लावू नकोस. चलन तशा फाइलमधून येत नाही, खातं मात्र रिकामं होतं. वाहतूक पोलिसांच्या अधिकृत संकेतस्थळावर किंवा महाट्रॅफिक अ‍ॅपवर गाडीचा नंबर स्वतः टाकून बघ आणि तिथेच भर.

‘सगळी वसुली आहे’ या म्हणण्यात मात्र अगदीच तथ्य नाही असं मी म्हणणार नाही. झाडाआड उभं राहून पावत्या फाडण्याची आपली परंपरा मोठी आहे, लोकांनी संशय घेतला तर त्यात नवल नाही. पण कॅमेऱ्यानं अपघात कमी होतात का, याचं उत्तर आहे. वेगाच्या कॅमेऱ्यांवरच्या ३५ अभ्यासांचा कॉक्रेन या संस्थेनं २०१० साली आढावा घेतला. कॅमेऱ्यांच्या आसपास मृत्यू किंवा गंभीर इजेचे अपघात वेगवेगळ्या ठिकाणी ११ ते ४४ टक्क्यांनी कमी झालेले दिसले. अभ्यासांचा दर्जा फार भारी नव्हता हेही त्याच आढाव्यात म्हटलंय, पण आकडे सगळीकडे खालीच गेले होते. माझ्यापुरतं विचारशील तर चौकातल्या मामांपेक्षा मला कॅमेरा बरा वाटतो. तो नगरसेवकाची गाडी ओळखत नाही, शंभराच्या नोटेला हात पुढे करत नाही आणि रात्री साडेअकरा वाजता एकट्या मुलीची गाडी बाजूला घ्यायला लावत नाही. हा शेवटचा मुद्दा खासगीपणाच्या चर्चेत कुणी काढत नाही, पण बायकांना तो लगेच कळतो.

तरीही, म्हणून खासगीपणाचा प्रश्न मिटला असं नाही. ‘रस्त्यावर कसला आलाय खासगीपणा, लाज वाटत असेल तर घरी बसा’ असं तुला कुणीतरी ऐकवलं असेलच. ते चूक आहे. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमतानं खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. निवृत्त न्यायमूर्ती पुट्टस्वामींनी आधारवरून लावलेल्या खटल्यातला हा निकाल. माणूस सार्वजनिक जागी आला एवढ्यावरून त्याचा खासगीपणा संपत नाही, असंही त्यात म्हटलंय. सरकारला त्यात हात घालायचा तर त्याला कायद्याचा आधार हवा, हेतू रास्त हवा आणि जेवढ्यास तेवढंच हवं.

या तीन कसोट्या तुझ्या चलनाला लावून बघू. कायद्याचा आधार आहे, २०१९ च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात कलम १३६ अ खास कॅमेऱ्यांसाठीच घातलं. हेतू रास्त आहे, त्या ५०,०२९ माणसांमुळे तो आणखी सांगायला नको. प्रश्न आहे तिसऱ्या कसोटीचा, जेवढ्यास तेवढंच. आणि मला विचारशील तर तुझ्या बाबतीत इथेच पाणी मुरतंय.

तुझं चलन पुन्हा उघड. चौकाचं नाव, तारीख, सेकंदापर्यंतची वेळ, नंबर प्लेटचा मोठा केलेला तुकडा. इथवर सगळं लागणारंच आहे. पण त्याच्याबरोबर तुम्हा दोघांचे चेहरेही स्पष्ट येतात. डोक्यावर हेल्मेट नाही हे दाखवायला नाकडोळे दाखवायची गरज नसते. फ्रान्समध्ये कॅमेऱ्याची नोटीस घरी येते ती फोटोशिवाय. मालकाला हवा असेल तर त्यानं वेगळा मागवायचा. जर्मनीत चालकाच्या शेजारी बसलेल्याचा चेहरा झाकून फोटो पाठवायची पद्धत आहे. आपल्याकडे गाडीचा नंबर आणि चेसिस किंवा इंजिन नंबरचे शेवटचे आकडे टाकले की चलन उघडतं, फोटोसकट. ते आकडे आरसी बुकावर असतात आणि आरसी बुक गाडीच्या डिकीत. गॅरेजवाल्यापासून वापरलेल्या गाड्यांच्या एजंटापर्यंत कुणालाही ते सहज मिळतात.

याचं टोक काय असू शकतं ते केरळात दिसलं. २०२३ च्या एप्रिलमध्ये तिरुवनंतपुरममध्ये एकजण एका बाईला मागे बसवून विनाहेल्मेट स्कूटरवरून जाताना कॅमेऱ्यात आला. स्कूटर बायकोच्या नावावर होती, म्हणून फोटो आणि दंडाची माहिती गेली बायकोच्या मोबाइलवर. तिनं जाब विचारला, घरात भांडण पेटलं, त्यानं तिला आणि लहान मुलाला मारहाण केल्याची तक्रार तिनं पोलिसांत दिली आणि त्याला अटक झाली. तेव्हा वर्तमानपत्रांनी ही बातमी चवीनं छापली, नवरा कसा सापडला म्हणून. मला त्यात हसण्यासारखं काहीच दिसलं नाही. मार बायकोनं आणि लेकरानं खाल्ला. गाडी जिच्या नावावर, तिला दंड कळवणं बरोबरच, कारण पोलिसांनी विचारलं तर गाडी कोण चालवत होतं हे सांगायची जबाबदारी कायद्यानं मालकावर टाकली आहे. पण मागे कोण बसलंय हे घरोघरी पोचवणं हे वाहतूक शाखेचं काम नव्हे.

म्हणून कॅमेरेच काढून टाका, असं मी म्हणणार नाही. नियम मोडल्यावर एक फोटो घेणारा कॅमेरा वेगळा आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक गाडीचा नंबर टिपून साठवून ठेवणारा, किंवा चेहरे ओळखणारा, वेगळा. पहिल्याला मी मनापासून हो म्हणते. दुसऱ्याबद्दल मला धास्ती वाटते, कारण तिथे गुन्हा न केलेल्यांचीही नोंद राहते. हैदराबादेत २०२१ मध्ये एका सामाजिक कार्यकर्त्याला पोलिसांनी रस्त्यात थांबवून मास्क काढायला सांगितला, त्यानं नकार दिला, तरी त्याचा फोटो काढला. तो फोटो चेहरा ओळखण्याच्या यंत्रणेत गेला की काय, या शंकेवरून हा माणूस तेलंगणा उच्च न्यायालयात गेला. असे लोक चिवट असतात म्हणून आपल्या वाट्याला थोडा तरी खासगीपणा उरतो.

मग तक्रार करू का, हा तुझा प्रश्न. ‘माझा फोटो का काढला’ अशी तक्रार करू नकोस, ती टिकणार नाही, कारण चूक फोटोत दिसतेय. नंबर दुसऱ्याचा असता, कॅमेऱ्यानं आकडा चुकीचा वाचला असता, तर अ‍ॅपवरच हरकत नोंदवायची सोय आहे. तुझा तो मामला नाही. पण दहा रुपयांत माहिती अधिकाराचा अर्ज टाकता येतो, तो जरूर टाक. त्यात विचार: चलन भरल्यावर फोटो किती दिवसांनी पुसता? तो कोण कोण उघडून बघू शकतं, आणि बघितल्याची नोंद राहते का? मागे बसलेल्याचा चेहरा झाकत का नाही? १६७ अ मध्ये म्हटल्याप्रमाणे त्या ठिकाणी कॅमेरा असल्याचा फलक होता का? त्या यंत्राचं मंजुरीचं प्रमाणपत्र दरवर्षी नूतनीकरण करायचं असतं, ते यंदाचं आहे का? तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. उत्तर गुळमुळीत आलं तर अपील कर. तुझ्या रागाला एवढं खतपाणी पुरेसं आहे, पोलिसांशी हुज्जत घालण्यापेक्षा यातून काही हाताला लागेल.

आता बाबा. इथे मी जरा स्पष्ट बोलते.

कॅमेऱ्यानं जे टिपलं ते त्या चौकात उभ्या असलेल्या पन्नासजणांनी पाहिलं आणि विसरून गेले. आत्यापर्यंत ते बाबांनी पोचवलं. तुझा मोठा राग त्यांच्यावर आहे, पण बाबांवर रागावणं जड जातं, खांबावरच्या यंत्रावर रागावणं सोपं. कायदाही तुला इथे मदत करणार नाही. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा माणसानं घरगुती किंवा वैयक्तिक कामासाठी वापरलेल्या माहितीला लागूच होत नाही. हे त्या कायद्यातच लिहिलंय, आणि ते ठीकही आहे, नाहीतर प्रत्येक बारशाच्या फोटोवरून खटले उभे राहतील. तेव्हा हे बोलूनच सोडवावं लागेल.

त्यांनी विनोद म्हणून टाकला असेल. ‘पराक्रम’ हा शब्द बघता मला तसंच वाटतं. आत्याचा मेसेज आल्यावर मात्र त्यांची पंचाईत झाली आणि ती पंचाईत ते आता तुझ्या किल्लीवर काढताहेत. आईची गत बहुधा अशी, की उत्तर तिला नणंदेला द्यावं लागतंय. तू आधी आईशी बोल, ग्रुपवर नको, स्वयंपाकघरात. तो मित्र फक्त मित्र असेल तर तसं सांग. त्याहून जास्त काही असेल, तर ते कधी सांगायचं हे तुझं तू ठरव. एका चलनानं तुला घाईघाईत काही कबूल करायला लावू नये.

बाबांना मात्र असं म्हण: ‘बाबा, हेल्मेट घातलं नव्हतं ही माझी चूक, दंड मी भरलाय, ही पावती. पण फोटो ग्रुपवर टाकलात ते मला आवडलं नाही. तो काढून टाका.’ एवढंच. मध्ये ‘पण तुम्ही नेहमीच’ आणू नकोस. क्रमही हाच ठेव. पावती आधी दाखवलीस की त्यांना रागावायला जागा उरत नाही, आणि मग फोटोचं बोलणं त्यांना ऐकावंच लागेल. ग्रुपवरचा मेसेज सगळ्यांसाठी डिलीट करायची मुदत बहुतेक उलटून गेली असेल. तसं असेल तर त्यांनी ग्रुपवर निदान ‘हा विषय संपला’ असं लिहावं. वडीलधाऱ्यानं लिहिलेल्या एका ओळीनं आत्याचे दहा प्रश्न थांबतात.

भावाचा मुद्दा त्याच वेळी काढायचा मोह होईल. आवर. तुझं म्हणणं शंभर टक्के खरं आहे. त्याचं चलन म्हणजे ‘पोरगं जरा धांदरट’ आणि तुझं चलन म्हणजे ‘मागचा कोण’. एकाच्या फोटोत नंबर प्लेट बघितली जाते आणि दुसरीच्या फोटोत सीट. पण माफीच्या आणि मागणीच्या बोलण्यात हे घुसवलंस की ते ‘तू त्याची बरोबरी करतेस’ यावर घसरेल. आठ-पंधरा दिवसांनी, घरात चहा निवांत चालू असताना, त्याच्या पुढच्या चलनाच्या वेळी विचार, ‘बाबा, याचा फोटो ग्रुपवर टाकायचा का?’ त्याचं चलन येणार याबद्दल मला शंका नाही.

एक गोष्ट विचारून ठेवते. तुझ्या पत्रात अबोला आहे, चौकशा आहेत, धाक दिसत नाही. पण लिहिताना काही राखून ठेवलं असशील, घरात हात उगारला जात असेल, नोकरी सोडायला लावायची भाषा होत असेल, तर वरचं सगळं बाजूला ठेव. विश्वासातल्या कुणाला तरी आजच सांग. १८१ ही महिलांसाठीची हेल्पलाइन आहे. तिथे फोन करायला मार खाऊन झालेला असावा लागत नाही.

तसं काही नसेल तर पुढचं काम साधं आहे. कमावतेस, पेट्रोल तू टाकतेस, सर्व्हिसिंग तू करतेस, तर गाडी स्वतःच्या नावावर करून घे. फॉर्म २९ आणि ३०, बाबांची सही, परिवहन विभागाच्या संकेतस्थळावरून अर्ज, ठरलेली फी. मोबाइल नंबर तुझाच टाक. विम्याच्या कंपनीला चौदा दिवसांच्या आत कळवायला विसरू नकोस, लोक हमखास इथे गफलत करतात आणि अपघात झाल्यावर डोक्याला हात लावून बसतात. बाबा सहीला कुरकुरले तर सांग की पुढचे सगळे दंड आणि पीयूसीची कटकट माझ्याकडे. या युक्तिवादापुढे कुठलेही वडील फार वेळ टिकत नाहीत. गाडी नावावर झाली की चलनाचा मेसेज तुला येईल, आणि भरायचाही तुलाच. हे दुसरं आत्ताच सांगून ठेवते, नंतर कुरबुर नको.

तुझा मित्र राहिला. त्याचाही चेहरा त्या ग्रुपवर आहे, आणि त्यानं तर गाडीही चालवली नव्हती. त्याला अजून हे माहीत नसेल तर सांग, तुझ्याकडून कळू दे. आत्याच्या ओळखीपाळखीतून त्याच्या घरी पोचण्याआधी सांग. आणि पुन्हा मागे बसायचं असेल तर स्वतःचं हेल्मेट घेऊन ये म्हणावं, आयएसआय मार्कचं.

– ताई